गुळणी, लाळ आणि रसना

आपल्या सुरत शहरात कापडाचा व्यवहार करणाऱ्या प्रत्येक गृहस्थास भिंगाचा परिचय असतो. उभे धागे किती, आडवे किती, वीण कोठे विरळ आहे काय, हे भिंगाखाली पाहिल्यावाचून जाणता व्यापारी सौदा पक्का करीत नाही. सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी हॉलंड देशातील डेल्फ्ट नगरात असाच एक कापडाचा व्यापारी राहत होता. त्याचे नाव अँटनी व्हान लेव्हेनहुक (१६३२–१७२३). त्याच्या हयातीत त्याच्या देशबांधवांची वखार आपल्या सुरतेत चालू होती आणि येथून कापड तिकडे जात होते. हा गृहस्थ स्वतःच्या हातांनी भिंगे घाशी, आणि त्यांतून कापडाबरोबरच जगातील इतर अनेक वस्तू पाही.

एके दिवशी त्याने आपल्याच दातांच्या फटीतील पांढरा मळ पाण्याच्या थेंबात कालवून भिंगाखाली धरला. त्यात असंख्य सूक्ष्म प्राणी वळवळताना पाहून तो थक्क झाला. लंडनच्या रॉयल सोसायटीस १७ सप्टेंबर १६८३ रोजी लिहिलेल्या पत्रात त्याने हे सर्व कळविले. विशेष हे की, हा मनुष्य अस्वच्छ नव्हता. तो नित्य मिठाने दात घाशी व पाण्याने चूळ भरी. पुढे त्याने आणखी एक प्रयोग केला. तीव्र शिरका तोंडात धरून गुळणी केली, आणि नंतर दातांचा मळ पुन्हा तपासला. मळात ते प्राणी तसेच जिवंत होते. परंतु तोच मळ बाहेर काढून शिरक्यात कालवला, तेव्हा ते मेले. त्यावरून त्याने अनुमान काढले की, शिरका मळाच्या आतपर्यंत पोहोचत नाही. फक्त वरवरच्या प्राण्यांस मारतो.

आज बाजारात शेकडो प्रकारची मुखधावने मिळतात. त्यांतील पुष्कळशा बाटल्यांवर लवंग, निंब, बाभूळ, त्रिफळा, ओवा यांची नावे छापलेली असतात. आपल्या संघाच्या सभासदांपैकी कित्येकांच्या दुकानांत हा माल येतो, आणि बहुतेकांच्या घरांत तो वापरलाही जातो. अशा वेळी त्या डच व्यापाऱ्याचा प्रश्न आपणही विचारला पाहिजे : गुळणी पोहोचते कोठे, आणि तेथे जाऊन करते काय? प्रस्तुत लेखात रुचि, लाळ आणि मुखातील जंतू या तीन अंगांनी या प्रश्नाचा विचार करण्याचे योजिले आहे.

१. लाळ : मुखाची राखणदार

लाळ म्हटले की सामान्यतः किळस मनात येते. वास्तविक मुखाच्या आरोग्याचा सारा कारभार तिच्यावर चालतो. कानांच्या पुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली अशा तीन मोठ्या लालाग्रंथींच्या जोड्या आहेत. शिवाय ओठ, गाल व टाळू यांत शेकडो बारीक ग्रंथी आहेत. निरोगी मनुष्याच्या मुखात दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. चावताना ती भरपूर वाहते; झोपेत मात्र जवळजवळ थांबते. सकाळी उठल्यावर तोंड चिकट व दुर्गंधियुक्त का असते, याचे मुख्य कारण हेच.

लाळ अन्न ओले करते व पिष्टाचे पचन आरंभिते, हे शाळेत शिकविले जाते. तिची दुसरी कामे तितकीच मोलाची आहेत. खाल्लेल्या पदार्थांतील शर्करेपासून जंतू आम्ल तयार करतात. लाळेतील क्षार ते आम्ल मारतात. आम्लाने दाताच्या कवचातून जो चुना व स्फुरद निघून जातो, तो लाळ आपल्या साठ्यातून काही अंशी परत भरून देते. जंतूंचे कवच फोडणारे लायसोझाइम नावाचे द्रव्यही लाळेत असते. त्याचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनच्या पूर्वी, १९२१–२२ च्या सुमारास लावला होता.

या सर्वांचा तात्पर्यार्थ असा की, मुख धुण्याचे काम निसर्गाने आधीच एका द्रवाकडे सोपविले आहे. आपण बाहेरून घेतलेली गुळणी अर्धा-एक मिनिट मुखात राहते. लाळ अहोरात्र राहते. यास्तव जी गुळणी लाळेस साह्य करील ती हितकर, आणि जी लाळेस आटवील किंवा तिचे काम बिघडवील ती, तिचा वास कितीही मधुर असो, अहितकर समजावी. ही कसोटी वाचकांनी लेखाच्या अखेरपर्यंत हाताशी ठेवावी.

२. रसना आणि तुरट रस

रुचि ही जिभेची, असे आपण म्हणतो. पण कोरड्या जिभेस रुचि नाही. कोरड्या पुसलेल्या जिभेवर साखरेचा खडा ठेवून पाहावा. तो विरघळेपर्यंत गोडी कळत नाही. पदार्थ लाळेत विरघळला म्हणजेच त्याचे कण जिभेवरील रुचिकलिकांपर्यंत पोहोचतात. या कलिकांतील पेशी साधारणतः दहा दिवसांच्या अवधीत नव्याने तयार होत राहतात. त्यामुळे तिखट, दाहक वा अतिउष्ण द्रव्याने जीभ भाजली तरी रुचि बहुधा परत येते. परंतु आघात रोजच होत राहिला, तर तिला सावरण्यास उसंत मिळत नाही.

आयुर्वेदात रस सहा मानले आहेत. आपल्या जैन तत्त्वग्रंथांत पुद्गलाचे रस पाच सांगितले आहेत : तिक्त, कटु, कषाय, आम्ल व मधुर. आधुनिक शरीरशास्त्र मधुर, आम्ल, लवण, कडू आणि उमामी असे पाच मानते. यांतील उमामी हा रस जपानी रसायनज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये ओळखला. या आधुनिक गणनेत कषाय, म्हणजे तुरट रस, नाही. कारण तुरटपणा ही रुचिकलिकांची नव्हे, तर मुख्यतः स्पर्शाची संवेदना आहे, असा आजचा निष्कर्ष आहे.

ती उत्पन्न कशी होते, हे समजणे आपल्या विषयास फार आवश्यक आहे. हिरडा, बाभळीची साल, काथ, सुपारी, कच्चे केळे यांत टॅनिन नावाची द्रव्ये असतात. लाळेत काही प्रथिने अशी आहेत की, ती मुखाच्या अस्तरास वंगणासारखी गुळगुळीत ठेवतात. टॅनिन त्या प्रथिनांना घट्ट धरते व त्यांच्या गाठी बनविते. वंगण गेले की जीभ टाळूला घासते, गाल आवळल्यासारखे वाटतात, आणि आपण म्हणतो, ‘तुरट लागले’. बाभळीच्या सालीने कातडे कमावतात, तेही याच गुणामुळे.

म्हणजे तुरट गुळणीचा पहिला परिणाम जंतूंवर नव्हे, लाळेवर होतो. हिरड्या सैल व रक्ताळलेल्या असता हा आवळण्याचा गुण सुखकर ठरतो. उलट ज्यांचे तोंड मुळातच कोरडे आहे, त्यांना तीच गुळणी अधिक कोरडेपणा देते. एका वृद्ध गृहस्थांची कल्पना करावी. त्यांची तक्रार अशी की, जेवणास चव राहिली नाही. ते पूर्वीपेक्षा अधिक मीठ मागतात, आणि तोंड स्वच्छ नसेल या समजुतीने दिवसातून चार वेळा कडक गुळणी करतात. वस्तुतः त्यांच्या रक्तदाबाच्या वा अन्य औषधाने लाळ कमी झालेली असते. गुळणीने ती आणखी आवळते, चव आणखी जाते, मिठाचे प्रमाण आणखी वाढते. उपायानेच अपाय वाढविल्याचे हे उदाहरण आहे. अशा वेळी बाटली बदलण्याऐवजी वैद्यास आपल्या सर्व औषधांची यादी दाखविणे शहाणपणाचे होय.

३. मुखातील जंतू : शत्रू आणि सोबती

अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनी १८९० मध्ये मुखातील सूक्ष्मजंतूंवर ग्रंथ प्रसिद्ध करून, दात किडण्याचे मूळ जंतूंनी बनविलेल्या आम्लात आहे, असे दाखविले. १९२४ मध्ये इंग्लंडमध्ये क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा जंतू वेगळा केला. १९४० नंतरच्या दशकात स्टीफन यांनी मोजून दाखविले की, साखरेच्या पाण्याची चूळ भरताच काही मिनिटांत दातांवरील थरात आम्लता झपाट्याने वाढते, आणि ती पूर्ववत होण्यास साधारण अर्धा ते एक तास लागतो. म्हणून चंदी पडव्यास घारी एकदाच पोटभर खाल्ली, तर दातांचे जितके नुकसान होते, त्याहून अधिक नुकसान दिवसभर दुकानात बसून थोडी थोडी मिठाई चघळण्याने होते. लाळेला आम्ल मारण्यास अवधीच मिळत नाही.

परंतु मुखातील सर्व जंतू शत्रू नव्हेत. मानवी मुखात सातशेंहून अधिक जातींचे जंतू आढळले आहेत, आणि त्यांतील पुष्कळ उपयोगी वा निरुपद्रवी आहेत. पालक, चाकवत, मेथी अशा पालेभाज्यांत नायट्रेट असते. ते रक्तातून लाळेत येते. जिभेच्या मागील भागातील जंतू त्याचे नायट्राइट करतात. आणि ते गिळले गेल्यावर शरीरात त्यापासून रक्तवाहिन्या सैल करणारे नायट्रिक ऑक्साइड बनते. लंडन येथे १९ निरोगी व्यक्तींना सात दिवस क्लोरहेक्सिडीन या तीव्र जंतुनाशकाच्या गुळण्या करावयास लावल्या, तेव्हा त्यांचा रक्तदाब २ ते ३.५ अंशांनी चढला, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. संख्या लहान आहे. तथापि शिकवण लहान नाही. मुख निर्जंतुक करणे हे ध्येयच चुकीचे आहे.

याचा अर्थ क्लोरहेक्सिडीन टाकाऊ आहे, असा मुळीच नव्हे. १९७० मध्ये डेन्मार्कमधील लोए व श्यॉट यांनी दाखविले की, दिवसातून दोनदा त्याच्या शेकडा ०.२ द्रावाची गुळणी केली असता दातांवर नवा थर जमण्याचे जवळजवळ थांबते. शस्त्रक्रियेनंतर वा हिरड्यांच्या आजारात दंतवैद्य ते थोडे दिवस देतात, ते योग्यच आहे. मात्र दीर्घकाळ वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात, आणि खारट चव काही काळ बोथट होते. औषध हे औषधाच्या जागी असावे. नित्याचा आहार बनू नये.

४. काष्ठौषधींची पारख

आता वनस्पतींकडे वळू.

खैर व काथ. खैराच्या गाभ्याचे तुकडे शिजवून, तो काढा आटवून काथ तयार करतात. सुरतेच्या पूर्वेस डांग व तापीच्या खोऱ्यात आणि पलीकडे ठाणे-रायगडाकडे राहणाऱ्या काथोडी किंवा कातकरी समाजाचे नावच या धंद्यावरून पडले आहे. काथात कॅटेचिन व टॅनिन आहे. त्याने रक्ताळलेल्या हिरड्या आवळतात व तोंडातील व्रणांस आराम पडतो.

बाभूळ. कोवळ्या फांदीचे दातवण व सालीचा काढा हे दोन्ही उपयोग आपल्याकडे सर्वत्र आहेत. दातवणात द्रव्याच्या गुणाइतकेच घर्षणाचेही महत्त्व आहे. थर खरवडला जातो आणि चावण्याने लाळ सुटते. पिलूच्या दातवणाविषयीही हेच म्हणता येईल.

त्रिफळा. हिरडा, बेहडा व आवळकाठी यांच्या काढ्याची परीक्षा शास्त्रीय रीतीने झालेली आहे. ८ ते १२ वर्षे वयाच्या १४३१ विद्यार्थ्यांवर नऊ महिने केलेला प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्रिफळ्याची गुळणी व क्लोरहेक्सिडीनची सौम्य गुळणी यांच्या परिणामात लक्षणीय अंतर आढळले नाही. ही गोष्ट अभिमानास्पद आहे. परंतु त्रिफळ्याचा काढा आम्ल असतो व त्याचा डाग पडू शकतो, हेही सांगितले पाहिजे. तो फार वेळ तोंडात धरू नये, आणि नंतर साध्या पाण्याने चूळ भरावी.

लवंग. लवंगेच्या तेलात मुख्य भाग युजेनॉलचा, साधारण शेकडा ७० ते ९० असतो. त्याने जंतू रोधले जातात व जागा बधिर होते. याच बधिरतेत धोका आहे : ठणका थांबला म्हणजे कीड थांबली, असे नव्हे. शुद्ध तेलाने अस्तर भाजते; मुलांच्या हाती ते कदापि लागू देऊ नये. सतराव्या शतकात सुरतेचे जैन श्रेष्ठी वीरजी व्होरा मिरी व लवंगेचा मोठा व्यापार करीत, हे इतिहासप्रसिद्ध आहे. त्या काळापासून आजतागायत लवंगेची जुनी परीक्षा तीच आहे : नखाने देठ दाबला असता तेल सुटावे, आणि पाण्यात टाकली असता ती आडवी तरंगू नये. तेल काढून घेतलेली लवंग दिसण्यात लवंगच असते. गुणात काडी असते.

ओवा. ओव्याच्या तेलातून थायमॉल नावाचे स्फटिक मिळतात. आपल्या बाजारात त्यांस ओव्याचे फूल म्हणतात. १८७९ मध्ये अमेरिकेत जोसेफ लिस्टर या शल्यवैद्यांच्या नावावरून काढलेल्या प्रसिद्ध लिस्टरीन मुखधावनात थायमॉल हे एक मुख्य द्रव्य आहे. म्हणजे जी वस्तू आपण पोत्याने विकतो, तिचेच सत्त्व परदेशी नावाच्या बाटलीत आपण तोळ्याच्या भावाने विकत घेतो!

निंब. निंबात जंतुरोधक गुण आहेत, पण कडवटपणा जिभेवर पुष्कळ वेळ रेंगाळतो. कडू रसाने तोंडास पाणी सुटते, हा त्याचा एक लाभ. सौम्य काढाच करावा.

या सर्व द्रव्यांस डच व्यापाऱ्याचा नियम लागू आहे. दातांवर जमलेला जुना थर घासल्यावाचून निघत नाही, आणि कीटण झालेला थर दंतवैद्यावाचून निघत नाही. गुळणी वरवरचे काम करते. शिवाय फ्लोराइड दाताच्या कवचास जे बळ देते, ते या वनस्पतींच्या काढ्यांतून मिळत नाही. गुळणी ही घासण्याची जोडीदार आहे. ती तिची जागा घेणारी नव्हे.

५. प्राचीन विधी

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात, सूत्रस्थानाच्या बाविसाव्या अध्यायात, गंडूष व कवल यांचा विधी आला आहे. मुखात द्रव इतका भरावा की तो हलविता येऊ नये, तो गंडूष. हलविता येईल इतका घेतला तर कवल. गंडूषाचे स्निग्ध, शमन, शोधन व रोपण असे चार प्रकार रोग्याच्या प्रकृतीनुसार सांगितले आहेत. म्हणजे सर्वांस एकच गुळणी, हा विचार प्राचीनांस मान्य नव्हता.

त्याहून लक्षणीय आहे ती थांबण्याची खूण. मुख कफाने भरून येईपर्यंत आणि नाकाडोळ्यांतून पाणी येईपर्यंत द्रव धरावा, असे सांगितले आहे. प्राचीनांचा कफ म्हणजे केवळ लाळ असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्याने ज्याने हा विधी केला आहे, त्याला ठाऊक आहे की त्या वेळी तोंड लाळेनेच भरते. गुळणीची सांगता लाळ सुटण्यात व्हावी, हा संकेत आमच्या कसोटीशी किती जुळतो!

६. आपल्या आचाराच्या दृष्टीने

श्रावकांच्या घरी या विषयास आणखी काही बाजू आहेत.

पहिली बाजू द्रव्यांची. आयुर्वेदात मधाचा गंडूष सांगितला आहे; मध आपणांस वर्ज्य आहे. कित्येक बाजारी मुखधावनांत मद्यार्क असतो; लिस्टरीनच्या मूळ अमेरिकन प्रकारात तो शेकडा २६.९ आहे. तो तोंडास दाह करतो, आणि मद्यत्यागाचा नियम असणाऱ्यास तो चालणार नाही. काही बाटल्यांतील ग्लिसरीन प्राणिज असू शकते. म्हणून पुढील चित्र न पाहता मागील बारीक अक्षरे वाचावीत.

दुसरी बाजू उपवासाची. पर्युषणात अठ्ठाई करणाऱ्यांच्या मुखास जो वास येतो, त्याचे एक कारण लाळेची मंदता आहे. पण दुसरे कारण असे की, अन्नाअभावी शरीर चरबी जाळू लागते व त्यातून निघणारी द्रव्ये श्वासावाटे बाहेर पडतात. हा वास फुप्फुसांतून येतो. कोणत्याही गुळणीने तो जाणार नाही, आणि तपस्व्याने त्याची लाज बाळगण्याचेही कारण नाही. पच्चक्खाणाच्या आदल्या सायंकाळी, सूर्यास्तापूर्वी, दात व जीभ नीट स्वच्छ करावी. पारण्याच्या वेळी प्रथम गोड सरबत न घेता मुगाचे पाणी घ्यावे, आणि नंतर चूळ भरावी. नवकारशी करणाऱ्यांनी मुखधावनही त्या वेळेनंतरच करावे, हे सांगणे नलगे.

त्रिफळा, निंब, काडेचिराईत इत्यादी पदार्थ आपल्या परंपरेतील अणाहारी द्रव्यांच्या याद्यांत आढळतात. ज्यात रसनेस सुख नाही, तो आहार नव्हे, ही त्यामागील दृष्टी. कडू व तुरट रसांकडे पाहण्याची ही पद्धत मोठी मार्मिक आहे. तथापि कोणत्या व्रतात काय कल्पते, हे लेखावरून न ठरविता गुरुमहाराजांस विचारून ठरवावे. आपल्या साधुसाध्वींच्या आचारात तर दंतधावनाचाच त्याग आहे. दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत अदंतधावनाची गणना होते. तो त्यागमार्ग परिमित आहार व संयमावर उभा आहे. दिवसभर खाणाऱ्या गृहस्थाने त्याचे निमित्त करून दात घासण्याचा आळस करू नये.

तिसरी बाजू थुंकण्याची. मुखातून बाहेर टाकलेल्या कफादी मलांत अंतर्मुहूर्तात संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती होते, असे आगम सांगतात. शास्त्रातील हा जीवविचार आणि सूक्ष्मदर्शकातील जंतू एकच, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु गुळणी कोठेही टाकू नये, ती लवकर वाळेल अशा ठिकाणी जयणेने टाकावी, या उपदेशात धर्म आणि नगराचे आरोग्य यांचा विरोध नाही.

७. सुपारीचा प्रश्न

येथे एक अप्रिय गोष्ट लिहिणे कर्तव्य आहे. बाजारात बसणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या तोंडात दिवसभर सुपारी असते; आणि तिचा वास वा डाग झाकण्यासाठी सुगंधी गुळणी केली जाते. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये एका विकाराचे वर्णन केले. त्यात गाल व टाळू यांच्या अस्तराखाली तंतू वाढून तोंड उघडेनासे होते. सुपारी हे त्याचे प्रमुख कारण होय. तंबाखूविरहित सुपारीही कर्करोगजनक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नोंदविले आहे. गुजरात व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी २०१२ मध्ये गुटख्यास बंदी केली. तथापि नुसती सुपारी व पानमसाला यांस पुष्कळ लोक अजून निरुपद्रवी समजतात.

पानात काथ असतो आणि गुळणीतही काथ असतो. म्हणून एकाचा दोष दुसऱ्याने धुऊन निघेल, असे नाही. तोंड पूर्वीइतके उघडत नसेल, तिखट सोसत नसेल, पांढरा वा लाल चट्टा पंधरा दिवसांत जात नसेल, तर गुळणी बंद करून त्याच आठवड्यात वैद्यास दाखवावे. या रोगात गुळणीने वेळ जातो, आणि वेळेबरोबर मनुष्य जातो.

८. व्यापाऱ्याचे कर्तव्य

नागपुरात किराण्याचे दुकान चालविलेले केशव विष्णु पेंढरकर मुंबईस आले आणि १९५२ मध्ये परळ येथे त्यांनी विको या आपल्या व्यवसायाचा आरंभ केला. वज्रदंतीचे दंतमंजन हा त्याचा पाया होता. पुढे ही उत्पादने आयुर्वेदीय औषधे की प्रसाधने, असा अबकारी कराचा वाद उपस्थित झाला व तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल उत्पादकांच्या बाजूने लागला. वनस्पतींच्या मालावर मोठा व्यवसाय उभा राहू शकतो, आणि ‘औषध’ या शब्दाला न्यायालयातही किंमत असते, हे दोन्ही बोध यातून मिळतात.

ज्या शब्दाला किंमत आहे, तो जपून वापरावा. १९५४ च्या कायद्यान्वये औषधांच्या अद्भुत गुणांच्या जाहिरातींवर निर्बंध आहेत, आणि आयुर्वेदीय औषधांच्या वेष्टनावर घटकद्रव्ये द्यावी लागतात. परंतु आपल्यासाठी कायद्याआधी व्रत आहे. स्थूल मृषावाद व स्थूल अदत्तादान यांचा त्याग श्रावकाच्या अणुव्रतांत आहे, आणि भेसळ व खोटे माप हे अस्तेय व्रताचे अतिचार म्हणून तत्त्वार्थसूत्रात स्पष्ट सांगितले आहेत. तेल काढलेली लवंग खऱ्या लवंगेच्या भावाने देणे आणि ‘या गुळणीने सर्व मुखरोग बरे होतात’ असे ग्राहकास सांगणे, या दोहोंत अंतर थोडेच आहे. पहिल्यात माल खोटा असतो, दुसऱ्यात भरवसा. ‘ही गुळणी हिरड्यांस बरी आहे, पण भाऊ, तुमचा चट्टा वैद्यास दाखवा,’ असे म्हणणाऱ्या दुकानदाराची एक बाटली त्या दिवशी खपणार नाही, पण एखाद्या कुटुंबाचा कर्ता वाचेल.

९. नित्याचा क्रम

शेवटी व्यवहारोपयोगी क्रम थोडक्यात देतो. सकाळी व रात्री झोपण्यापूर्वी दात घासावेत. चौविहार असल्यास सूर्यास्तापूर्वी. जीभ हलक्या हाताने साफ करावी. प्रत्येक खाण्यानंतर साध्या पाण्याने चूळ भरावी. काढ्याची गुळणी हवी असल्यास एक चहाचा चमचा त्रिफळा-चूर्ण दोन पेले पाण्यात उकळून निम्मे करावे, दुहेरी कापडातून गाळावे, कोमट झाल्यावर अर्धा ते एक मिनिट गुळणी करून टाकावे व साध्या पाण्याने तोंड धुवावे. काढा रोज ताजा करावा. शिळा ठेवू नये. लगेच दात घासू नयेत. ज्यांचे तोंड कोरडे असते त्यांनी तुरट गुळणी टाळावी, दिवसा घोट घोट पाणी घ्यावे व अन्न सावकाश चावावे. गुळणी गिळण्याची शक्यता असलेल्या लहान मुलांस फक्त पाणी पुरे.

डेल्फ्टच्या त्या व्यापाऱ्याने आपला शिरका तोंडात धरून पाहिला, तपासला, आणि जे आढळले ते जसेच्या तसे लिहून पाठविले. शिरक्याची भलावण केली नाही. आपणही भिंगाखाली धागे मोजणारे लोक आहोत. कापडाच्या बाबतीत जी चिकित्सा आपण रोज करतो, ती आपल्या व ग्राहकांच्या मुखाच्या बाबतीत केली, तर वडिलांची रसना व मुलांचे दात दीर्घकाळ शाबूत राहतील. सर्व सभासद बंधु-भगिनींस असे आरोग्य लाभो, ही प्रार्थना करून हा लेख संपवितो.